आठ मुलं, सात भागीदार

सोमवार, १४ जानेवारी. सकाळ.

वारा नैर्ऋत्येचा. पहिली बोट रद्द.

नवी वही सुरू केली. गावात मोठं काम निघालं आहे आणि ते करायला दुसरं कोणी दिसत नाही.

बालवाडीच्या दारावर नगरपालिकेचं पत्र लावलंय. बेटावर आठच मुलं उरली, म्हणून बालवाडी चालू ठेवायची की नाही यावर जूनमध्ये नगरपालिकेच्या सभेत मतदान. पत्रासोबत एक रंगीत पुस्तिका आहे. तिच्यात म्हटलंय की लहान मुलांचं शिक्षण सुधारायचं तर सगळ्या गावाची भागीदारी पाहिजे. अशी भागीदारी असेल तर गावाने एक एप्रिलच्या आत आपलं म्हणणं फॉर्मवर लिहून पाठवावं, ते विचारात घेतलं जाईल. पुस्तिका दोनदा वाचली, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. माझी शाळा सातवीपर्यंत. पण ती तेव्हाची सातवी होती.

आठ मुलांतली एक माझी नात टूवा. चार वर्षांची. तोरिल, म्हणजे माझी मुलगी, म्हणाली की बालवाडी बंद झाली तर ती, जावई आणि टूवा शहरात राहायला जातील. बोटीने जाऊन-येऊन पाच तास, बाबा, पोरीला रोज कोण नेणार? हे तिने भांडी विसळत सांगितलं. मला विशेष काही वाटलं नाही. माझी बायको बोर्घिल्ड गेली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मला असं शांत राहता येतं. पुढाऱ्याला हा गुण लागतोच.

संकल्प: १. भागीदारी उभी करणे. २. कॉफी दिवसाला चार कप. ३. शेगडी बंद केली का ते एकदाच बघणे.

संध्याकाळ.
कॉफी सात कप. पण भागीदारीचा विचार करताना घेतलेली वेगळी धरली पाहिजे. तशी धरली तर दोनच.

गुरुवार, १७ जानेवारी

सोमवारी आणि गुरुवारी टूवाला तीन वाजता मी आणतो. आज दोनलाच गेलो. सोलफ्रिडशी बोलायचं होतं. ही बालवाडीची मुख्य, बावीस वर्षं तेच काम करते.

तिला सांगितलं की भागीदारी समितीचा अध्यक्ष मी होतोय. ती गुडघ्यांवर बसून एका पोराचा ओला बूट ओढत होती. बरं, म्हणाली. मग म्हणाली, इंगेब्रिक्त, वेळ असेल तर फाटकाची कडी बघ ना, निसटतेय, धाकटी पोरं रस्त्यावर जातात. मी म्हटलं, कडीचं काम समिती स्थापन झाली की समितीमार्फत होईल. ती गप्प राहिली. आमच्या बेटावर गप्प राहणं म्हणजे संमती.

येताना टूवाने विचारलं, अध्यक्ष म्हणजे काय करतो? म्हटलं, सगळ्यांना सांगतो. ती म्हणाली, काय सांगतो? वारा फार होता. तिची टोपी कानांवर ओढली.

बुधवार, ३० जानेवारी

पहिली मीटिंग. अग्निशामक बंबाच्या शेडमध्ये. नोटीस आठवडाभर दुकानाच्या दारावर होती, अक्षर मोठं.

हजर: होवार्ड, अग्निशामक पथकाचा प्रमुख, कारण शेडची किल्ली त्याच्याकडे असते. आन्फिन, होडी क्लबचा, कारण त्याला बॅटरी चार्ज करायची होती. गुडनी, दुकानवाली, दुकान उघडायची वेळ होईपर्यंत. मी.

पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवली. चाळीस मिनिटं. कोणीही हरकत घेतली नाही. नंतर एकेकाला विचारलं, भागीदार होणार का? होवार्ड हूं म्हणाला. गुडनी म्हणाली, माझं नाव घाल, पण मला जाऊ दे, दूधवाली बोट आली. आन्फिन म्हणाला, चेअरमनसाहेब, भागीदार झालं की उठून जाता येतं का? म्हटलं, येतं. मग झालो, म्हणाला, आणि बॅटरी काढून गेला.

एकमताने मंजूर.

चर्चचं गायकमंडळ, वृद्धाश्रम आणि मासळी कारखाना यांच्याकडून कोणी आलं नव्हतं. म्हणजे त्यांच्याकडूनही हरकत नाही. सहा झाले. माझ्यासकट सात. आठ मुलांना सात भागीदार. शहरातल्या बालवाड्यांना हे कधी जमणार नाही.

घरी येऊन शेगडी दोनदा बघितली. एकदा समितीचा अध्यक्ष म्हणून.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

समितीचा पहिला उपक्रम: ज्येष्ठांकडून वाचन. पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे.

मी दुपारी एकला गेलो. मासळीची प्रतवारी कशी करावी हे पुस्तक नेलं होतं. माझ्याकडे चित्रं असलेलं तेवढंच आहे. पोरं तेव्हा, हिवाळ्यातही, अंगणात छपराखाली आपापल्या बाबागाड्यांत झोपलेली असतात, लोकरीच्या पिशव्यांत, नाकं तेवढी बाहेर. उणे चार होतं. मी दोन गाड्यांच्या मधे उभा राहून कॉड माशाचे चार दर्जे वाचून दाखवले. वीस मिनिटं. एकही मूल उठून गेलं नाही. एवढं लक्ष मी मोठ्या माणसांत पाहिलेलं नाही.

सोलफ्रिड खिडकीतून हाताने खाली, खाली करत होती. आवाज जरा खालच्या पट्टीत लावावा असं तिचं म्हणणं असावं. टूवा जागी होती. पिशवीतून म्हणाली, आजोबा, तू कोणाशी बोलतोयस?

बोटं सुजली आहेत. पुढच्या वेळी हातमोजे.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

होवार्डने फाटकाची कडी बसवली. परस्पर. समितीला न विचारता. त्याला समज देणारं पत्र लिहिलं. टाकायला गेलो नाही, रस्ता निसरडा होता.

तरीही भागीदारीचा परिणाम दिसू लागलाय हे नोंदवायला हवं. आज आन्फिनने मुलांना होडीघरात नेऊन कॉड माशांच्या जिभा कापायला शिकवल्या, इकडे ते पोरांचंच काम. गुडनीने डागी सफरचंदांची पेटी मोजायला दिली. वृद्धाश्रमात मंगळवारी मुलं गाणी म्हणायला जातात. हे सगळं मी कागदावर घेतलं आणि सोलफ्रिडला दाखवलं. म्हटलं, बघ, तीन आठवड्यांत. ती म्हणाली, इंगेब्रिक्त, हे गेली अकरा वर्षं चाललंय. आन्फिन तर त्याआधीपासून.

म्हणजे पाया चांगला आहे. मला वाटलंच होतं.

कॉफीचा संकल्प मार्चपासून पुन्हा.

बुधवार, ६ मार्च

दोन दिवस वादळ. दुकानाच्या छपराचे निम्मे पत्रे उडाले. मुख्य भूमीवरच्या पेपरवाल्याने गुडनीला फोन करून विचारलं, नुकसान किती? ती म्हणाली, थोडी हवा खेळती झाली आहे. सगळं गाव यावर खूश आहे. आमच्याकडे असंच बोलायचं असतं. माझा बाप हात यंत्रात सापडला तेव्हा म्हणाला होता की दुसरा आहे.

फॉर्म भरायला घेतला. अकरा प्रश्न. दहा झाले. अकरावा: बालवाडी बंद झाल्यास गावावर काय परिणाम होईल? याला पाऊण पान जागा सोडलीय.

भागीदारांना विचारून लिहायचं ठरवलं. मनाने लिहिलेलं बरं दिसत नाही.

सोमवार, १८ मार्च

अकराव्या प्रश्नासाठी तीन दिवस दारोदार फिरलो. गुडघा.

होवार्ड: काही आभाळ कोसळणार नाही. (त्याच्याकडे दोन पोरं आहेत बालवाडीत. तो पाना शोधत होता, वर बघितलं नाही.)

गुडनी: जमवू.

गुडनीचा नवरा: ती म्हणाली तसंच.

आन्फिन: आम्ही बालवाडी नव्हती तेव्हाही मोठे झालोच की. आता कसे झालो ते बघ आणि तू ठरव.

वृद्धाश्रमातली बाई: म्हाताऱ्यांना मंगळवारची वाट बघायची सवय झालीय, पण सवय मोडते.

तोरिलला विचारलं नाही. ती घरचीच.

मलाही मीच विचारलं, कारण मी सातवा भागीदार आहे. थोडा वेळ बसलो.  माझ्या नावापुढे लिहिलं: अडचण नाही.

तीन वाजता टूवाला आणलं. सोलफ्रिडने फाटकात गाठलं. सगळं गाव सांगतंय तू वही घेऊन फिरतोयस म्हणून. मी म्हटलं, उत्तम प्रतिसाद आहे. तिने माझी बाही धरली. असं ती पोरांना करते. म्हणाली, इंगेब्रिक्त, पाठवायच्या आधी मला दाखव. या लोकांना सरळ विचारलं तर सगळे जमवू म्हणतात, त्यांच्या घरावर दरड आली तरी जमवू म्हणतील. तू ते लिहू नकोस. या एका कागदावर रड. मोठ्याने रड. आठ पोरं जातील, त्यांची घरं जातील, असं लिही.

मी म्हटलं, बघतो.

टूवा वाटेत म्हणाली, सोलफ्रिड रडत होती का? म्हटलं, सर्दी असेल. मार्चमध्ये असते.

गुरुवार, २८ मार्च

अकराव्या प्रश्नावर चार दिवस विचार केला. सोलफ्रिड कामाला चांगली आहे पण ती मूळची शहराकडची, बावीस वर्षांपूर्वी आलेली. तिला कळणार नाही. गावाच्या नावाने रडका कागद गेला तर उद्या दुकानात कोणाला तोंड दाखवणार? आणि मला तर रडून लिहिताच येत नाही. प्रयत्न केला. "अत्यंत" हा शब्द लिहिला आणि पुढे सुचेना.

शेवटी असं लिहिलं: आमचं बेट कोणाकडे काही मागत आलेलं नाही. बालवाडी बंद झाल्यास गाव जमवून घेईल. सातही भागीदारांना विचारलेलं आहे, उत्तरं खाली शब्दशः. पुरावा म्हणून सोबत आठवड्याचं वेळापत्रक.

वेळापत्रक मी पट्टीने आखलंय. सोमवार: अग्निशामक पथक. मंगळवार: वृद्धाश्रम, गाणी. बुधवार: दुकान, मोजणी. गुरुवार: होडीघर, जिभा. शुक्रवार: ज्येष्ठांकडून वाचन. एकही वार मोकळा नाही. वाचणाऱ्याला वाटायला हवं की या गावात काहीतरी आहे.

सोलफ्रिडला दाखवायचं राहिलं. ती आज मुलांना घेऊन खडकांवर गेली होती, आणि माझा गुडघा.

शुक्रवार, २९ मार्च

पाकीट बोटीवर दिलं. त्याआधी तीनदा उघडून पाहिलं, सही आहे का. तिसऱ्यांदा डिंक लागेना, टेप लावली. बोट सुटल्यावर वाटलं की सही चुकीच्या रकान्यात केली. मग वाटलं की नाही. अजून वाटतंय.

बुधवार, २४ एप्रिल

नगरपालिकेच्या सल्लागार बाईंचा फोन. तरुण आवाज. म्हणाल्या, तुमचा फॉर्म सगळ्यात व्यवस्थित आहे, बाकीची गावं नुसती तक्रारी करतात. मी म्हटलं, आमच्याकडे ती पद्धत नाही.

त्यांनी विचारलं, म्हणजे पाचही वार गावातली माणसं मुलांना सांभाळतात? हो म्हटलं. नगरपालिकेच्या मदतीशिवाय? म्हटलं, ते आम्ही कोणाला सांगत बसत नाही. त्या म्हणाल्या, असं आजकाल फार क्वचित बघायला मिळतं. आणि माझं नाव परत एकदा विचारून घेतलं, अक्षरं सुटी करून.

आनंद व्हायला हवा होता. झाला असावा. पाचवा कप घेतला.

शुक्रवार, १७ मे

राष्ट्रदिन. थंडी, पण कोरडं. मुलांची मिरवणूक बालवाडीपासून धक्क्यापर्यंत.

समितीचा फलक केला होता, चादरीवर, दोन काठ्यांचा. एका काठीला मी. दुसरीला कोणी मिळेना. होवार्ड झेंडा घेऊन पुढे होता, गायकमंडळ गात होतं, आन्फिन सॉसेजच्या शेगडीवर. त्यामुळे अर्धा फलक गुंडाळून खांद्यावर घ्यावा लागला. समोरून माझं नाव दिसत होतं, भागीदारीचं मागे गेलं. लोकांना कळलं असेल.

आठ मुलं, आठ झेंडे. टूवाने तिचा मला धरायला दिला आणि विसरली. एका हातात काठी, एका हातात झेंडा, त्यामुळे सॉसेज खाता आला नाही. आन्फिन म्हणाला, चेअरमनसाहेब, तोंड उघडा, मी भरवतो. लोक हसले. समितीबद्दल गावात आपुलकी वाढतेय.

तोरिलने बाजूला घेऊन सांगितलं की शहरात भाड्याचं घर बघून ठेवलंय, फक्त बघून. मतदान आपल्या बाजूने झालं तर सोडून देऊ. मी म्हटलं, सोडून द्यायची तयारी ठेव. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. माझ्या ओठाला मोहरी लागली होती, असं नंतर आरशात दिसलं.

गुरुवार, २० जून

मतदान झालं. एकोणीस विरुद्ध चार.

पत्र सोलफ्रिडच्या कॉम्प्युटरवर आलं. मला बोलावून घेतलं. पहिल्याच ओळीत आमचा उल्लेख आहे: बेटावरील सात भागीदारांनी स्वबळावर उभारलेल्या भक्कम व्यवस्थेची नगरपालिका कौतुकाने नोंद घेते. मी तिला म्हटलं, बघ. ती म्हणाली, पुढे वाच.

पुढे असं की ही व्यवस्था, आणि बंद झाल्यास गावाला अडचण नाही हे गावाचं स्वतःचं निवेदन, विचारात घेऊन बेटावरची बालवाडी एक ऑगस्टपासून बंद. मुलांना शहरात जागा दिल्या जातील. गावाचे उपक्रम गावाने आहेत तसेच चालू ठेवावेत.

सोबत माझं वेळापत्रक जोडलंय. रेघा सरळ आल्यात.

सोलफ्रिड पोरांच्या खुर्चीवर बसली होती, गुडघे हनुवटीपर्यंत. काही बोलली नाही. आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे संमती असते. हे तसं नसावं.

दुकानात सगळ्यांना आधीच कळलं होतं. गुडनीने माझे सुटे परत दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. होवार्ड शेल्फापाशी उभा होता. म्हणाला, मी आभाळ कोसळणार नाही म्हणालो, ते तू लिहिलंस? म्हटलं, शब्दशः. तो म्हणाला, अरे, ते मी तुला म्हणालो होतो. आन्फिन एकटाच बोलला. म्हणाला, इंगेब्रिक्त, इतकी माझी स्तुती बायकोनेसुद्धा कधी केली नाही. केली असती तर नगरपालिकेने माझं घरही बंद केलं असतं.

अपील करायला तीन आठवडे आहेत. संकल्प: अपील करणे.

सोमवार, २४ जून

अपिलाचा मसुदा. "गावाला अडचण आहे" एवढं लिहिलं. कोणती, ते लिहायला परत दारोदार जावं लागेल. आज कोणी घरी नव्हतं. गाड्या दारात होत्या.

तीन वाजता टूवा. तिला सोलफ्रिडने सांगितलंय. म्हणाली, शहरातल्या बालवाडीत घसरगुंड्या दोन आहेत. म्हटलं, वा.

शनिवार, १३ जुलै

अपिलाची मुदत गुरुवारी संपली. जुलैत तिथे तसंही कोणी नसतं, सगळा देश सुटीवर. पाठवलं असतं तर ऑगस्टपर्यंत पडून राहिलं असतं. या दृष्टीने फरक नाही.

तोरिल खोकी भरतेय. म्हणाली, शहरातल्या घरात खालच्या मजल्यावर एक खोली आहे, बाबा, तू चल. समितीचं काम सोडून मला जाता येणार नाही हे तिला समजावलं. ती खोक्यावर बसली. तुला काय वाटतंय ते एकदा सांग, म्हणाली. लिहू नकोस, ठराव करू नकोस, नुसतं सांग. मी बोलणारच होतो. पण शेगडी बघायला उठलो, आणि परत आलो तेव्हा ती फोनवर होती.

शेगडी बंद होती.

शनिवार, ३ ऑगस्ट

सोलफ्रिडने दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली होती. दोन ओळी: शनिवार, दहा वाजता, बालवाडी रिकामी करायचीय. पाने, स्क्रूड्रायव्हर आणि हातमोजे आणणे.

एकतीस माणसं आली. मी मोजली. होवार्ड पथकाला घेऊन, गुडनी दुकान बंद करून, आन्फिन ट्रॅक्टर घेऊन. गायकमंडळ झाडून सगळं. वृद्धाश्रमातून दोन जण चाकाच्या खुर्चीत, त्यांनी स्क्रू गोळा केले. मासळी कारखान्याचा मुकादमही आला. त्याला मी प्रथमच भेटलो. तुम्ही आमचे सहावे भागीदार, म्हटलं. तो म्हणाला, कशात?

सातही भागीदार हजर. समिती स्थापन झाल्यापासून पहिल्यांदा.

कोणी कोणाला काम सांगितलं नाही, तरी प्रत्येकाला ठाऊक होतं. कोट अडकवायच्या खुंट्या, झोपायच्या गाड्या, छोटी टेबलं, सगळं ट्रॅक्टरवर. मला काय करू म्हणून विचारलं तेव्हा गुडनी म्हणाली, तू बाजूला उभा राहा, इंगेब्रिक्त, पाय सांभाळ. साडेअकराला वॅफल आणि तपकिरी चीज. कोणी मला टाकून बोललं नाही. कॉफी आपणहून ओतून दिली. तीन तास धरले होते, दोन तासांत उरकलं.

दोनच्या बोटीवर सामान चढलं. मागोमाग तोरिलची गाडी. टूवा काच खाली करून म्हणाली, आजोबा, तू कधी येणार? म्हटलं, मीटिंग आहे. ती म्हणाली, कोणाशी? मग गाडी पुढे सरकली. मी हात वर केला. काचेवर ऊन होतं, आत कोण कुठे ते दिसलं नाही. धक्क्यावर थोडा वेळ उभा राहिलो. थंडी नव्हती, काही नव्हतं.

सोलफ्रिड म्हणाली की खुर्च्या शहरातल्या त्याच बालवाडीला दिल्यात, जिथे टूवा जाणार आहे. म्हणजे आमची भागीदारी आता बेटापुरती राहिलेली नाही. हे वहीत घ्यायला हवं म्हणून घेतलं.

समितीची पुढची मीटिंग कुठल्या वारी ठेवावी ते बघितलं. सोमवार चालेल. गुरुवारही चालेल. तीन वाजता मला आता काही नसतं.